घरातला रेडिओ उसाच्या फडावर

चुलीपुढं भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, अंगणात गव्हातले खडे निवडत ऐकणाऱ्या आणि दूर कुठंतरी कोपीत कानाला फोन लावून बसलेल्या अशा सगळ्या जणींना नमस्कार. कोपीतल्या मैत्रिणींना आमचा हा नमस्कार अर्ध्या मिनिटानं उशिरा पोचेल. तो तिथवर जातो कसा, उशीर का होतो, आणि हे सगळं करताना आम्ही कुठं चुकलो, ते आज सांगायचं आहे.

आपला हा बालाघाटचा डोंगरपट्टा. दसरा-दिवाळी झाली की गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक भरतात आणि माणसं कोयत्यावर निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. त्यातल्या सात जणी दरवर्षी जातात. मागं राहतो आम्ही पाच, म्हाताऱ्या सासवा आणि शाळेतली पोरं.

आता आपल्या रेडिओवर गुरुवारी संध्याकाळी आरोग्याचा कार्यक्रम असतो. डॉक्टरताई येतात, बाया फोन करून विचारतात. नाव सांगायची सक्ती नाही. हिवाळ्यात त्यांनी चार गुरुवार एकाच विषयावर घेतले: पाळीचे त्रास, अंगावरून पांढरं जाणं आणि गर्भाशयाची पिशवी काढायचं ऑपरेशन. हा विषय आपल्याकडं किती खोल गेलाय ते वेगळं सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न एवढा गाजला, की २०१९ साली राज्य सरकारनं नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

पहिला गुरुवार झाला. आम्ही पाच जणी रेडिओभोवती बसलो होतो. कार्यक्रम संपला तेव्हा आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी हे बोलणं, त्या कुठं आहेत? त्या तर तोडणीवर आहेत." आम्ही गप्पच झालो. खरं होतं ते.

आपलं केंद्र लहान आहे. सामुदायिक रेडिओला सरकारी नियमानं शंभर वॅटची ताकद मिळते. तेवढ्यात आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. आमच्या मैत्रिणी अडीचशे किलोमीटर लांब. आधी आम्ही कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. त्यांनी ऐकला, पण एकीनं निरोप धाडला, "ऐकलं बाई, पण मला विचारायचं होतं. रेकॉर्डिंगला काय विचारू?" तिथून आमच्या डोक्यात हे शिरलं की हा आवाज त्याच वेळी तिकडं पोचला पाहिजे.

गटातल्या एका वहिनींचा भाचा पुण्याला कॉम्प्युटरचं शिकतो. तो सुट्टीला आला होता. तो म्हणाला, अमेरिकेत पुष्कळ लोकांच्या घरी 'स्कॅनर' नावाचा रेडिओ असतो. तो एका स्टेशनवर थांबत नाही. एकामागून एक लहरी तपासत जातो आणि जिथं कोणी बोलत असेल तिथं थांबतो. आगीचा बंब, अँब्युलन्स, काही ठिकाणी पोलीस, यांचं आपापसातलं बोलणं त्यावर ऐकू येतं. वणवा पेटला, वादळ आलं की लोक त्यावर लक्ष ठेवतात. आणि घरचा स्कॅनर कॉम्प्युटरला जोडून, माणूस परगावी असला तरी फोनवरून ऐकता येईल अशी सोय करतात. भाचा म्हणाला, "मामी, आपल्याला स्कॅनर नको. पण तीच युक्ती साध्या रेडिओला चालेल."

हे ऐकून आमच्यातली एक उत्साही ताई म्हणाली, "मग स्कॅनरच आणू की! पोलीस काय बोलतात ते तरी कळेल." तर मैत्रिणींनो, तसं करायचं नाही. पोलिसांचे, विमानांचे, सैन्याचे बिनतारी संदेश परवानगीवाचून ऐकणं आपल्या कायद्यात बसत नाही. आपल्या आज्यांना आठवत असेल, एकेकाळी साधा रेडिओ घरात ठेवायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागायचा, दरसाल पैसे भरावे लागायचे. आता आकाशवाणी किंवा आपलं केंद्र ऐकायला तसलं काही लागत नाही. पण सगळ्यांसाठी बोललेलं ऐकणं वेगळं आणि दोघांचं आपसातलं बोलणं ऐकणं वेगळं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. लहर सगळ्यांची, हे खरं. पण तिच्यावरून जाणारं बोलणं ज्याचं त्याचं असतं. हा फरक आम्हाला पुढं चांगलाच कळला.

सगळ्यात आधी आम्ही आपल्या केंद्रात गेलो. कार्यक्रम त्यांचा, आवाज डॉक्टरताईंचा, प्रश्न बायांचे. आपण तो परस्पर पुढं पाठवणारे कोण? केंद्रानं लेखी परवानगी दिली ती फक्त गुरुवारच्या त्या एका तासाची. गाण्यांचे हक्क वेगळे असतात, म्हणून गाणं लागलं की आमच्याकडून बंद. आणि ज्या फोन करतात त्यांना केंद्र कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगू लागलं, की हे बोलणं आता फडावरही ऐकू जातंय.

आता जोडणी सांगते. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तरी घाबरू नका.

पहिली गोष्ट म्हणजे रेडिओ आणि जागा. आमच्या सचिव वहिनींचं घर गावात उंचावर आहे आणि माडीच्या खिडकीतून केंद्राचा मनोरा दिसतो. रेडिओला जेवढी उघडी दिशा मिळेल तेवढं चांगलं. आम्ही जुना टेबलावरचा रेडिओ घेतला, ज्याच्या पाठीमागं अँटेनाचे दोन स्क्रू असतात. वायरमनदादांनी तांब्याच्या तारेचे दोन तुकडे कापले, प्रत्येक सुमारे ७९ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फूट सात इंच. आपलं केंद्र ९०.४ वर लागतं, त्या लहरीच्या लांबीच्या हिशोबानं हे माप येतं. दोन्ही तुकडे बांबूवर एका रेषेत बांधले, मधून वायर खाली आणली. आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं. जिथं खरखर कमी तिथं बांबू ठोकला. कॉम्प्युटर आणि एलईडीचे स्वस्त बल्ब जवळ असले की रेडिओ खरखरतो, म्हणून अँटेना त्यांच्यापासून लांब ठेवली.

दुसरी गोष्ट म्हणजे रेडिओचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घालणं. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची आणि लॅपटॉपला द्यायची. इथं आमचे दोन दिवस गेले. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपला एकच भोक असतं. त्यात साधी वायर घातली की त्याला वाटतं हेडफोन लावला, आणि तो आवाज आत घेतच नाही. मग यूएसबीचं छोटं साउंडकार्ड आणलं. त्याला आवाज आत घ्यायचं भोक वेगळं असतं. रेडिओचा आवाज कमीच ठेवायचा. मोठा केला तर पलीकडं आवाज फाटतो. कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी हिरवी-पिवळी नाचली पाहिजे, लाल होता कामा नये. आणि चार्जर लावल्यावर "घूंऽऽ" असा आवाज आला, तर कार्यक्रमापुरता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा.

तिसरी गोष्ट, आवाज बाहेर पाठवणं. यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. एक प्रोग्रॅम लॅपटॉपमधला आवाज सतत पुढं ढकलतो. दुसरा, आइसकास्ट नावाचा, तो आवाज झेलतो आणि जी मागेल तिला देतो. भाच्यानं आधी दोन्ही आमच्याच घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. घरात चाललं, बाहेरून लागेना. कारण असं, की मोबाइलच्या इंटरनेटवर पुष्कळ घरांना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो. मोठ्या वाड्यासारखं. वाड्यातून बाहेर निरोप धाडता येतो, पण बाहेरचा माणूस थेट आपल्या खोलीचं दार वाजवू शकत नाही. म्हणून आइसकास्ट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं. त्याचे महिन्याला काही शे रुपये ग्रामसंघानं ठराव करून दिले.

यात आणखी एक फायदा झाला. विहिरीवरून टाकीत एकच पाइप येतो आणि टाकीवरून वीस नळ निघतात, तसंच हे. आमच्या घरून आवाज एकदाच वर जातो, पुढं कितीही जणी ऐकोत. घरूनच वीस जणींना द्यायचं म्हटलं असतं तर आमचं इंटरनेट धापा टाकत बसलं असतं.

फोनचा डेटा किती खातो, हे सगळ्या जणी विचारतात. गाणी ऐकायची नाहीत, बोलणं ऐकायचं आहे, म्हणून आम्ही हलका दर ठेवला, सेकंदाला ३२ किलोबिट. तासाभराला साधारण १४ एमबी होतात. एका जीबीत जवळजवळ सत्तर तास. व्हिडिओ बघण्याच्या मानानं हे काहीच नाही. फडावर रेंज अशक्त असते, तिथंही एवढं निघून जातं.

आणि तो अर्ध्या मिनिटाचा उशीर? आवाज तुटू नये म्हणून वाटेत प्रत्येक जण थोडा थोडा साठवून ठेवतो. सर्व्हरही साठवतो, तुमचा फोनही साठवतो. म्हणून केंद्राला फोन लागला की ऐकायचं बंद करायचं. नाहीतर तुम्ही बोलता एक, आणि कानात तुमचंच मघाचं बोलणं परत येतं. पहिल्या दिवशी एका काकूंनी फोनवर स्वतःलाच उत्तर दिलं होतं!

दुसऱ्या गुरुवारी सगळं जुळलं. तिकडं एका फोनवर तीन-तीन जणी. हा विषय कोपीत माणसांपुढं स्पीकरवर ऐकण्यासारखा नाही. एकेका हेडफोनचा एक कान हिला, एक कान तिला. डॉक्टरताई सांगत होत्या, की पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणजे लगेच पिशवी काढायची असं नसतं. पुष्कळदा तो जंतुसंसर्ग असतो आणि औषधानं बरा होतो. आधी तपासणी करा, कोणी ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, सरकारी दवाखान्यात विचारा. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर कमी वयातच पाळी गेल्याचे त्रास मागं लागतात, हाडं ठिसूळ होतात.

त्या दिवशी फडावरून एक फोन लागला. बाईनं नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, "मला पुढच्या आठवड्यात बोलावलंय ऑपरेशनला. दोन लेकरं झालीत, आता काय करायची पिशवी, असं म्हणतात. पाळी आली की तोडणी बुडते, दंड बसतो. काढू का?" डॉक्टरताईंनी तिला घाई करू नका म्हणून सांगितलं, काय तपासण्या करायच्या ते सांगितलं, कुठं जायचं ते सांगितलं. त्या बाईचं पुढं काय झालं ते तिचं तिच्यापाशी. आम्ही एवढंच सांगू, की सही करण्याआधी तिनं विचारलं.

आता आमची चूक सांगायची वेळ आली. ती लपवली तर हे भाषण अर्धवट राहील.

तिसऱ्या गुरुवारी ऐन कार्यक्रमात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच उतरलेली, तोही बंद पडला. लाइट आल्यावर वहिनींनी लॅपटॉप चालू केला. आम्ही आवाज आपोआप सुरू होईल अशी सोय करून ठेवली होती, तो सुरू झाला. त्या खाली निघून गेल्या. पण साउंडकार्ड खाचेत नीट बसलेलं नव्हतं. लॅपटॉपला ते सापडलं नाही, म्हणून त्यानं स्वतःचाच माइक धरला. रेडिओ बाजूला राहिला आणि घरातलं बोलणं फडावर जाऊ लागलं.

माडीच्या जिन्याशी सासूबाई आणि वहिनी बोलत होत्या. घरातल्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं, त्यावरून शब्दाला शब्द लागला होता. ते सगळं तिकडं नऊ जणींच्या कानात. शेवटी त्यांच्यातल्याच एकीनं फोन केला, "वहिनी, तुमचं घरातलं ऐकू येतंय. आधी बंद करा." तोवर चार-पाच मिनिटं गेली होती.

वहिनींनी सगळ्या वायरी उपटल्या. रडून रडून बेजार झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. भिंतीला तोंडही असतं हे आज कळलं." आणि म्हणाल्या, "हे सामान माझ्या घरातून न्या."

दुसऱ्या दिवशी गट त्यांच्या ओसरीवर बसला. आम्ही हात जोडून माफी मागितली. चूक वहिनींची नव्हती, आमची होती. दुसऱ्याच्या घरात यंत्र बसवलं, ते काय काय करू शकतं हे त्या घराला सांगितलं नाही. पोलिसांचं बोलणं ऐकायचं नाही एवढं आम्हाला कळलं होतं. आपल्याच मैत्रिणीचं घर उघडं पडू शकतं, हे मात्र सुचलंच नाही. फडावरच्या नऊ जणींनीही आजींना फोन केला. एकेकीनं सांगितलं, "आजी, आमच्या कानातून ते पुढं जाणार नाही." आणि खरंच, आजतागायत ते कोणाच्या तोंडून बाहेर आलेलं नाही. एवढ्या मोठ्या फडावर नऊ बायांनी एक गोष्ट पोटात ठेवली, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

चौथ्या गुरुवारी आजींनी स्वतःच विचारलं, "आज लावायचं नाही का? तिकडं वाट बघत असतील." पण त्याआधी आम्ही काही नियम केले, ते तुम्हीही लिहून ठेवा.

लॅपटॉपचा स्वतःचा माइक सेटिंगमध्ये जाऊन कायमचा बंद करायचा. फक्त आवाज कमी करून भागत नाही. लाइट आल्यावर काहीही आपोआप सुरू होऊ द्यायचं नाही, माणसानंच सुरू करायचं. सुरू करणाऱ्या बाईनं आधी स्वतःच्या फोनवर ऐकायचं, रेडिओचाच आवाज येतोय याची खात्री करायची, मग गटाला कळवायचं. तो तास संपला की वायर काढून पेटीत ठेवायची. त्या तासात जिन्यावर लाल रुमाल बांधायचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळतं की वर काम चालू आहे.

पासवर्डचंही लक्षात ठेवा. आवाज पाठवायचा पासवर्ड वेगळा आणि ऐकायचा वेगळा. आइसकास्ट बसवताना त्यात आधीपासून घातलेला पासवर्ड जगात सगळ्यांना माहीत असतो, तो पहिल्याच दिवशी बदलायचा. नाहीतर कोणीही आपल्या नावावर काहीही ऐकवेल. ऐकायची लिंक गटाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. आणि फोन करणाऱ्या बाईच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग कोणीही पुढं पाठवायचं नाही. तिनं डॉक्टरताईंना विचारलेलं असतं, गावाला नाही.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर आधी केंद्राला विचारा. काही केंद्रं स्वतःच इंटरनेटवर ऐकवतात. तसं असेल तर एवढा खटाटोप करायचं कारण नाही, त्यांची लिंक घ्या आणि पाठवा. नसेल तर एक रेडिओ, एक जुना लॅपटॉप, एक साउंडकार्ड आणि गावातलं एखादं शिकलेलं पोरगं, एवढं पुरतं. ज्या घरात बसवाल त्या घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि सुनांनाही, समोर बसवून विचारा. त्यांनी नको म्हटलं तर दुसरं घर बघा.

आता वेळ संपत आली. कोपीतल्या मैत्रिणींनो, पुढच्या गुरुवारी डॉक्टरताई अंगातलं रक्त कमी होण्यावर बोलणार आहेत. प्रश्न आत्ताच मनाशी जुळवून ठेवा. फोन लागला की हेडफोन काढायला विसरू नका. इकडं तुमची पोरं बरी आहेत, शाळेत जातात, गटाचा हिशोब तुमच्या नावासकट चोख लिहिला जातोय. जिन्यावरचा लाल रुमाल आता आजीच बांधतात. सांभाळून राहा. नमस्कार.